ब बुटाचा

१८ जानेवारी १९८८, सोमवार

आज उद्घाटन झालं. नारळ भूपाल अण्णांनी फोडला, हार धनपालच्या गळ्यात पडला आणि पेढे वाटायचं काम माझ्याकडे आलं. पाटीवर 'निपाणीतील पहिला कॉम्प्युटर क्लास' असं लिहिलंय. शिकवणार मी, यंत्र जोडलं मी, पुण्याहून आलेलं खोकं उघडताना बोट कापलं तेही माझंच. आणि अण्णांनी पाहुण्यांना ओळख काय करून दिली? "ह्यो आमचा पुतण्या धनपाल. पुण्यात कॉम्प्युटर शिकून आलाय. आन् ह्या टायपिंगच्या बाई."

टायपिंगच्या बाई! बेळगावात वसतिगृहात राहून मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, वर्गात पहिली आले. धनपाल पुण्यात जेमतेम तीन महिने होता आणि त्यातले दोन सिनेमे बघण्यात गेले, हे तो स्वतःच हसत सांगतो. हार घालून उभा होता, बेंदराच्या बैलासारखा. बरोबर आहे म्हणा. मालकाचा पुतण्या आहे, यंत्र त्यांचं, जागा त्यांची.

जागा म्हणजे अण्णांच्या तंबाखूच्या वखारीची पुढची खोली. मागे पोती, मध्ये फळ्यांचं पार्टिशन. आलेला माणूस आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो.

घरी आले तर आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. म्हणाली, "त्याच वखारीत तुझा आज्जा हमाल हुता गं. देवाप्पा. त्या दारात आपल्या लोकास्नी पायताण घालून हुबं ऱ्हायाची सोय नव्हती. लांबच काढायचं, हातात घ्यायचं, आन् मागल्या दारानं पोती वाहायची. आन् आज तू थितं खुर्चीत बसतीयास." आईला आनंद झाला होता. आप्पांनी मात्र एवढंच विचारलं, "तुझ्या कलासाचं दार कुठल्या बाजूला हाय?"

"पुढच्या. रस्त्याकडचं."

"व्हय?" म्हणाले आणि बुटांना पॉलिश करायला बसले. आप्पांनी जन्मभर निपाणीत टपाल वाटलं. आता निवृत्त आहेत, तरी रोज सकाळ-संध्याकाळ बूट घासतात. आपलं घर आणि विहाराची पायरी सोडली, तर कुणाच्याही दारात ते बूट काढत नाहीत. त्यामुळे कुणाच्या घरातही जात नाहीत. बाहेर उभं राहूनच बोलतात आणि परत येतात. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणतात. कधी कधी मलाही तसंच वाटतं. एकुलती एक मुलगी मास्तरीण झाली, दोन शब्द बोलायला काय हरकत होती?

२३ जानेवारी, शनिवार

व्हायचं तेच झालं. तीन फ्लॉप्या खराब. यंत्र नुसतं करकरतं आणि वाचता येत नाही म्हणतं. फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी पाकिटातली पातळ चकती. तिला एक फट असते, त्या फटीतून यंत्र वाचतं. त्या फटीत तंबाखू गेलीय. ही तंबाखू पोरांच्या चपलांबरोबर आत येते.

अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आगं, तंबाखूच्या वखारीत तंबाखूची धूळ न्हाय तर काय कस्तुरी मिळंल?" आणि आपल्याच विनोदावर खो खो हसले. धनपालही हसला. माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथे पुठ्ठा घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'बूट-चपला बाहेर काढून मगच आत यावे.' अण्णा म्हणाले, "खाली कन्नडमधीबी लिही. ह्या गावात पाटीवरनं डोकी फुटत्यात." त्यांनीच कन्नडमध्ये लिहून दिलं. दाराबाहेर फळ्यांची मांडणी ठेवून घेतली. वरचा कप्पा चपलांना, खालचा बुटांना. बूट घालून येणारं इथे आहे तरी कोण? धनपालसुद्धा कोल्हापुरी घालतो.

तासाभरात दोन पोरं चपला घालून आत. मी अंबुबाईंवर ओरडले. त्या वखार झाडतात आणि आमची खोलीही झाडतात. म्हटलं, "अंबुबाई, तुम्ही दारात असून बघत नाही? इथून पुढे बूट म्हणा, चपला म्हणा, आत दिसल्या की उचलायच्या आणि बाहेरच्या मांडणीत ठेवायच्या. मला विचारायचंसुद्धा नाही!"

"व्हय आक्का," म्हणाल्या. वयाने आईएवढ्या असतील. जरा जास्तच ओरडले. पण हळू बोललेलं या गावात कुणाला ऐकू येतं?

अंबुबाई रोज संध्याकाळी विहारात आप्पांच्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जातात. तिथेही आप्पांचं सगळं उलटंच. सगळं जग 'ब बदकाचा' शिकवतं, आमचे आप्पा 'ब बुटाचा' शिकवतात. मी एकदा टोकलं होतं तर म्हणाले, "बदक कुनी बघितलंय हितं? बूट समद्यांनी बघितलाय. दुसऱ्याच्या पायात." बायका हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पुस्तकात बदक आहे ना, मग बदकच शिकवावं.

२९ जानेवारी, शुक्रवार

ज्या संस्थेचं सर्टिफिकेट आम्ही देणार, त्या बेंगळूरच्या संस्थेनं कळवलंय की त्यांचे साहेब २४ फेब्रुवारीला केंद्र बघायला येणार. यंत्रावर नवी सिस्टिम, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, चालू असली पाहिजे, डॉसची तीन पॉइंट तीन. आमच्याकडे जुनी आहे. नवी नसेल तर मान्यता नाही.

अण्णा म्हणाले, "मग काय, पोती हायतच. ही खोली रिकामी ठिवून मला काय पुजायची न्हाय."

म्हणजे माझी खुर्ची जाणार आणि तिथे पोतं येणार. मी कुठे जाणार? आईशेजारी सूप घेऊन बसणार? आईनं मला शिकवलं ते विडी वळायला लागू नये म्हणून. तंबाखूनं तिची बोटं काळी पडलीत. रागानं मला आज जेवण गेलं नाही. नवी सिस्टिम पुण्याहून मागवायला अण्णांची तयारी नाही. म्हणतात, "आधी मान्यता येऊ दे." अहो, त्याशिवाय मान्यता येणार कशी?

२ फेब्रुवारी, मंगळवार

आज आप्पा आले होते. आले होते म्हणजे काय, दारापर्यंत आले होते.

मी पोरांना शिकवत होते. खिडकीतून बघते तर आप्पा. पांढरा शर्ट, विहाराच्या कार्यक्रमाला घालतात ती पॅन्ट, बूट असे चकचकीत की खिडकीतूनसुद्धा दिसावेत. मला इतका आनंद झाला! पोरांना म्हटलं, माझे वडील आलेत, उभं राहून नमस्कार करा हं. पोरं उभी राहिली. आप्पा दाराशी आले, पाटी वाचली. दोन्ही भाषांतली वाचली, त्यांना कन्नडही येतं. थोडा वेळ उभे राहिले. आणि वळून निघून गेले.

पोरं उभीच. मी दारात धावत गेले तर आप्पा कोपऱ्यावर पोचलेले. हाक मारली, वळून बघितलं नाही. धनपालनं बघितलं सगळं. मनातल्या मनात हसला असणार.

घरी आल्यावर मी फाडफाड बोलले. म्हटलं, साऱ्या निपाणीच्या दारादारात जन्मभर गेलात, पोरीच्या दारातनं तेवढे परत फिरलात! आप्पा पेपर वाचत राहिले. आई मला चुलीकडे ओढून म्हणाली, "यशे, जरा त्यांच्या पायाकडं बघ की गं." बघितलं. पायांत बूट होते, दुसरं काय असणार? मी आईशीही बोलले नाही.

६ फेब्रुवारी, शनिवार

बेळगावला जाऊन आले. कमला तिथल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत मदतनीस आहे. वसतिगृहात माझ्या खोलीतली. तिच्याकडे नवी सिस्टिम आलीय. मी आपली कोरी फ्लॉपी नेली, तिच्या यंत्रावर त्यांच्या फ्लॉपीतलं सगळं माझ्या फ्लॉपीवर कॉपी केलं. कमला तास घेत होती, मी एकटीच बसून केलं. यादी ताडून बघितली, एकूण एक फाइल आली. परत येताना काकतीजवळ बस बंद पडली. पुरुष उतरले, ढकलली, सुरू झाली. मी खिडकीत बसून फ्लॉपी छातीशी धरली होती, धक्का लागू नये म्हणून.

थेट वखारीत गेले. फ्लॉपी लावली, बटण दाबलं. यंत्र करकरलं आणि पडद्यावर इंग्रजीत आलं की ही सिस्टिमची चकती नव्हे, दुसरी लावा.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. यंत्राला एक चापट मारली. धनपाल म्हणाला, "म्याडम, बस ढकलत्यात तसं ह्यालाबी ढकलू या का?" बसची गोष्ट मीच सांगितली होती त्याला, मूर्खासारखी. मी म्हटलं, "तुम्ही हार घाला, तुम्हाला तेवढंच जमतं." तोंड पाडून बाहेर गेला. जाऊ दे.

८ फेब्रुवारी, सोमवार

कमलाला फोन लावला. ती आधी हसली. प्रत्येकालाच हसायचंय. मग तिनं सांगितलं.

सिस्टिमच्या चकतीवर दोन फायली लपलेल्या असतात. यादी मागितली तर त्या दिसत नाहीत. कॉपी म्हटलं तर त्या येत नाहीत. पण यंत्राला उठवतात त्याच. त्या नसल्या तर बाकीच्या सगळ्या असून नसल्यासारख्या. त्यासाठी नुसती कॉपी करून भागत नाही. चकती तयार करतानाच यंत्राला सांगावं लागतं की हिच्यावर सिस्टिमही घाल.

डिप्लोमाच्या दोन वर्षांत हे कुणी सांगितलं नाही मला! सिस्टिमची फ्लॉपी आमच्या हातात कधी देतच नव्हते. सर लावायचे, यंत्र उठवायचे, मग आम्ही बसायचं. स्वयंपाक शिकवायचा आणि चूल पेटवायची मात्र शिकवायची नाही, असा प्रकार.

पण त्या दोन फायलींचं मला फार पटलं. सगळं त्यांच्या जिवावर आणि यादीत नाव नाही. अगदी माझ्यासारख्या.

जेवताना आप्पांनी आपण होऊन विचारलं, "काय अडलंय यंत्राचं?" मी अजून रागावलेलीच होते, पण सांगितलं. म्हटलं, बूट फ्लॉपी पाहिजे.

"बूट?"

"यंत्र उठवणं म्हणजे बूट करणं. इंग्रजीत म्हण आहे, आपल्याच बुटाला धरून आपल्यालाच वर उचलायचं. त्यावरून."

आप्पांनी घास खाली ठेवला. बराच वेळ भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत बसले. त्या फोटोत बाबासाहेब सुटाबुटात आहेत. मग म्हणाले, "बेस हाय म्हण." आणि थोड्या वेळानं, "म्हंजी यंत्राला आत बूट चालतोय म्हनायचा."

आई तोंडाला पदर लावून हसली. आप्पांना विनोद कधी सुचेल सांगता येत नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

कमलाच्या कॉलेजात परीक्षा, खोलीला कुलूप. २३ तारखेशिवाय उघडणार नाही म्हणते. म्हणजे आदल्या दिवशी! धनपाल म्हणाला, "मी मोटारसायकलनं सोडतो तुमास्नी, बसचं काय खरं न्हाय." मी नको म्हटलं. बरोबर आला म्हणजे साहेबांना सांगायला मोकळा, मीच आणली म्हणून. मला काय कळत नाही?

अण्णांनी आजच मागची चार पोती पार्टिशनच्या अलीकडे आणून टाकलीत. म्हणे जागा नाही. मी त्यांना लाथ मारली. पोत्यांना.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

झाली! पहिल्या बसनं गेले, दुपारी परतले. या वेळी कमलाला शेजारी बसवून घेतलं. कोरी चकती तयार करतानाच सिस्टिम घातली. शेवटी पडद्यावर ओळ आली, सिस्टिम चकतीवर गेली म्हणून. वखारीत येऊन लावली, आणि यंत्र उठलं. तारीख विचारली, वेळ विचारली, आणि 'ए' हे अक्षर येऊन उभं राहिलं, म्हणजे यंत्र कामाला तयार. मी टाळ्या वाजवल्या, एकटीच.

लगेच दुसरी प्रत करणार होते तर वीज गेली. रात्रीपर्यंत येणार नाही म्हणे. या गावाचं मेलं सगळं असंच. म्हटलं सकाळी लवकर जाऊन करू. लेबल मात्र लिहिलं. धनपाल म्हणाला इंग्रजीत लिहा, साहेब बघतील. अण्णा म्हणाले कन्नडमध्ये लिही, साहेब खूश होतील. मी मराठीत लिहिलं, ठळक : बूट. माझी फ्लॉपी आहे, माझ्या भाषेत बोलेल. लेबल चिकटवलं आणि फ्लॉपी पाकिटात घालून यंत्राशेजारी टेबलावर ठेवली. घरी न्यायची तर विड्यांच्या तंबाखूत न्यायची, त्यापेक्षा इथेच बरी. खोलीला कुलूप लावलं. दुसरी किल्ली अंबुबाईंकडे असते.

घरी आप्पांना म्हटलं, "उद्या साहेब येणार आहेत. यायचं असेल तर आत या. दारातनं परत जाणार असाल तर येऊच नका. पुन्हा तसं केलंत तर मी जन्मात बोलणार नाही तुमच्याशी."

"बरं," म्हणाले.

२४ फेब्रुवारी, बुधवार

सगळं नीट लिहिते.

सकाळी गेले तर खोली लखलखीत. अंबुबाईंनी पहाटेच येऊन झाडून पुसून घेतली होती, पोती मागे ढकलली होती, टेबलावर धुतलेला कपडा घातला होता. आणि टेबलावर फ्लॉपी नाही. खणात नाही, टेबलाखाली नाही, यंत्रात नाही. केराचं टोपलं उपडं केलं.

अंबुबाईंना विचारलं, "फ्लॉपी बघितलीत का?"

"न्हाय बा. तसलं काय न्हाय बघितलं."

तेवढ्यात धनपाल आला. माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. काल संध्याकाळी फ्लॉपी कुठे ठेवली ते बघणारा हाच. मी सरळ म्हटलं, "काढा ती."

"काय काढू?"

"फ्लॉपी! साहेब आले की खिशातनं काढणार, पुन्हा हार घालून घेणार. टायपिंगच्या बाईंनी हरवली आणि धनपाल सरांनी आणली!"

"म्याडम, देवाशपथ मी हातबी लावला न्हाय."

"तुमच्या देवाची शपथ माझ्या काय कामाची?"

फार बोलले. बारा-पंधरा पोरं ऐकत होती. अण्णा धावत आले, म्हणाले, "आगं बाई, आवाज कमी कर. साहेब संकेश्वर सोडून निघालेत म्हनं." धनपालनं सदऱ्याचे आणि पॅन्टचे खिसे उलटे करून दाखवले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तेही नाटकच वाटलं. मी खुर्चीत बसले आणि टेबलावर मुठी आपटल्या. आता पोती येणार. आता सूप. एका फ्लॉपीपायी.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "यशे, तुझा बूट भाईर पडलाय."

आप्पा. मी वर न बघता ओरडले, "आप्पा, आत्ता बुटाचं काढू नका!"

आप्पा सावकाश आत आले, टेबलापर्यंत आले आणि माझ्यासमोर हात धरला. हातात काळी चौकोनी फ्लॉपी, पाकिटासकट. वर माझं अक्षर : बूट.

"कुठे होती?"

"भाईर मांडणीत. खालच्या कप्प्यात, पाठीमागं टेकून हुबी किली हुती."

अंबुबाई दारात आल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "ती पाटी व्हय? ती मी लावली की, आक्का! सकाळच्याला टेबलावर गावली. मी वाचली. ब बुटाचा, त्येला उकार, आन् ट. बूट! मी म्हटलं, साहेब यायचं म्हनून आक्कांनी बुटाच्या कप्प्याला पाटी केली आन् लावायची इसरल्या. म्हनून लावली." आणि आप्पांकडे बघून म्हणाल्या, "बरोबर वाचली न्हवं, गुरुजी?"

"बरोबर वाचली," आप्पा म्हणाले.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. पण काय ओरडणार होते? बूट असं लिहिलेलं आत दिसलं, त्यांनी ते बाहेर ठेवलं. विचारायचंसुद्धा नाही, हे मीच सांगितलेलं. फ्लॉपी हा शब्द त्यांनी आयुष्यात कुठे ऐकला असणार? चपलांनी वरचा कप्पा भरलेला, खाली वाकून बघायचं कुणाला कारणच नव्हतं. खालचा कप्पा बुटांचा.

आणि मग मला कळलं. खालच्या कप्प्यापर्यंत वाकलं कोण?

मी खाली बघितलं. आप्पा अनवाणी होते. आप्पांचे पाय असे चारचौघांत मी कधी बघितले नव्हते. बुटात राहून पांढरे पडलेले, बोटं एकमेकांवर चढलेली. वखारीच्या फरशीवर ते पाय उघडे होते. ज्या दारात आज्जा पायताण हातात घेऊन उभा राहायचा, त्याच दारात. आणि दारावरची पाटी माझ्या हातची.

मला इतका राग आला की समोरचं दिसेना. धनपालचा नव्हे, अंबुबाईंचा नव्हे. आई म्हणाली होती, पायाकडे बघ. मी बघितलं आणि बूट दिसले म्हणून लिहून ठेवलं!

"आप्पा—"

"यंत्र उठीव आधी," आप्पा म्हणाले. "ते सायेब आलं बघ."

जीप थांबली होती. अण्णा हात जोडून पुढे धावले. साहेब उतरले, पाटीवरून नजर फिरवली आणि तसेच आत आले. काळे बूट, टाचांना रस्त्याची धूळ आणि वखारीच्या अंगणातली तंबाखू. पुसलेल्या फरशीवर ठसे उमटत गेले. अण्णा अनवाणी, धनपाल अनवाणी, पोरं अनवाणी, माझा बाप अनवाणी, आणि हे बुटांसकट येऊन माझ्या यंत्रापाशी उभे.

मी म्हटलं, "सर, बूट बाहेर काढा."

अण्णांनी पाठीमागून मला हातानं खूण केली, गप्प बस म्हणून. साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, "मी? गरज आहे का?"

मला कन्नड चांगलं येतं. मी कन्नडमध्येच सांगितलं, "पाटी दोन्ही भाषांत आहे, सर. माझ्या वडिलांनी काढलेत. तुम्हीही काढा."

खोलीत कुणी शिंकलंसुद्धा नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे, मग आप्पांच्या पायांकडे. मान्यता गेली असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या वेळी गेली असती तरी चाललं असतं. साहेब वळले, बाहेर गेले. वाकून नाड्या सोडायला त्यांना वेळ लागला. परत आले तेव्हा एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

फ्लॉपीवर फुंकर मारली, लावली, बटण दाबलं. करकर, करकर. थांबलं. पुन्हा करकर. आणि 'ए' उमटलं.

साहेबांनी दोन-तीन गोष्टी करून बघितल्या. मग धनपालला इंग्रजीत विचारलं, ही चकती तुम्ही तयार केलीत का? धनपालनं नाही म्हणून मान हलवली. "मला त्यातलं काय येत न्हाय, सर. समदं ह्या म्याडमनी केलंय. केंद्रप्रमुख म्हणून त्यांचंच नाव घाला." माझ्याकडे न बघता म्हणाला. साहेबांनी मान्यतेच्या कागदावर सही केली आणि धुळीचं काहीतरी करा म्हणाले.

ते बाहेर गेले तेव्हा मी दारात उभी होते. खालच्या कप्प्यात दोनच जोड होते, शेजारी शेजारी. साहेबांचे धुळीचे, आप्पांचे चकचकीत. साहेबांनी वाकून चुकून आप्पांचाच एक उचलला, बघितला आणि हळूच जागेवर ठेवला.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर झोप नाही. सकाळी आप्पा उठायच्या आत बूट आणि पॉलिशची डबी घेऊन ओट्यावर बसले. एक बूट निम्मा झाला असेल, तोवर आप्पा आले. माझ्या हातातून ब्रश काढून घेतला.

"माझं बूट मी पुसतो. तू तुझं बघ."

"आप्पा, ती पाटी मी आज काढून टाकते."

"कशाला? धूळ आत जाईल की." थोडा वेळ घासत राहिले. "पाटी वाईट न्हाय. काल पयल्यांदाच सायबानं वाचली, एवढंच."

पाटी ठेवलीय. फक्त सुरुवातीला 'सर्वांनी' हा शब्द घातला, दोन्ही भाषांत, लाल शाईनं. अंबुबाई केरसुणी घेऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि एकेक अक्षर लावून त्यांनी तो वाचला. 'र्वा'पाशी जरा अडल्या. मी ओरडले नाही.

धनपालशी अजून बोलायचं आहे. तो आज आलाच नाही.